वाचकांचे प्रश्न: वाट बघताना आनंद आणायचा कुठून?

प्रश्न: लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाहीये. रोज प्रार्थना करते, उपास पण केले. मंडळीतले (चर्चमधले) लोक म्हणतात वाट बघ पण आनंदाने बघ, रडलीस म्हणजे विश्वास कमी पडतोय. मी प्रार्थनेला बसले की मला रडूच येतं. कुणाच्या बाळाचं समर्पण, म्हणजे बाळाला चर्चमध्ये देवाच्या हाती सोपवायची प्रार्थना, असली की त्या रविवारी चर्चला जावंसंच वाटत नाही. आनंद आणायचा तरी कुठून?
– एक बहीण

उत्तर: ताई, आधी रडण्याचं बोलू, कारण त्यावरून तुम्हाला जे ऐकवलं गेलंय ते मला अजिबात पटलेलं नाही. बायबलमधलं १ शमुवेल, पहिला अध्याय काढा आणि सावकाश वाचा. हन्नाला मूल नव्हतं, सवत वर्षानुवर्षं टोचून बोलायची, ती रडायची, जेवायची नाही, आणि शिलोला, तिथल्या उपासनेच्या ठिकाणी, परमेश्वरापुढे ती अशी प्रार्थना करत होती की नुसते ओठ हलतायत, आवाज नाही, तर एली याजकाला वाटलं ही बाई प्यायलीय! म्हणजे खुद्द याजकालाही तिचं रडणं कळलं नाही, मग मंडळीतल्या चार लोकांना तुमचं नाही कळलं तर त्यावरून स्वतःचा विश्वास मोजत बसू नका.

आता १८ वं वचन बघा. ती परत गेली, जेवली, आणि तिचा चेहरा मग उदास राहिला नाही. तेव्हा तिला मिळालं काय होतं? काहीच नाही. दिवस गेलेले नव्हते, सवत तिथेच होती, फक्त एलीने शांतीने जा म्हटलं होतं आणि तिने मनातलं सगळं परमेश्वरापुढे ओतून टाकलं होतं. आनंद आला तो रडून झाल्यावर, रडू दाबून नाही आला. १३ वं स्तोत्र पण असंच, पहिल्या दोन वचनांत चार वेळा कुठवर, कुठवर विचारलंय आणि सहाव्या वचनात तोच माणूस गायला लागतो. आणि ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटपर्यंत उजेड नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तेव्हा ज्या दिवशी गाणं निघणार नाही त्या दिवशी ते म्हणा, तीही प्रार्थनाच आहे.

एक अवघड गोष्ट पण बोलायला हवी. हन्नाला पुढे मुलगा, शमुवेल, मिळाला म्हणून तुम्हाला मिळेलच असं मी लिहिणार नाही, तसं वचन मला कुणी दिलेलं नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे असं उत्तर आलं. म्हणून आपला आनंद बाळावर टांगून ठेवता येत नाही, तो प्रभूवरच ठेवावा लागतो, आणि हे सोपं आहे असं कुणी म्हणालं तर त्याने कधी अशी वाट बघितलेली नाही असं समजा. येशू स्वर्गात घेतला गेला तेव्हा शिष्यांचं बघा, तो डोळ्यांसमोरून गेलाय, पुढे काय नेमकं माहीत नाही, आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक म्हणतो, ते मोठ्या आनंदाने यरुशलेमेत परतले. मग माडीवर एकत्र राहून प्रार्थना, त्यात स्त्रिया होत्या, येशूची आई मरीया होती. एकेकट्याने वाट नाही बघितली त्यांनी. आणि नुसते बसून पण नव्हते, त्याच दिवसांत येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थियाला प्रेषित म्हणून निवडलं. त्यामुळे डॉक्टरकडे जाणं, ट्रीटमेंट घेणं, दत्तक घ्यायचा विचार करणं म्हणजे विश्वास सोडला असं मुळीच नाही.

समर्पणाच्या रविवारी जमत नसेल तर त्या दिवशी घरी थांबा, देव रागावत नाही. पण मंडळीतली एक तरी बहीण शोधा जी सल्ला न देता शेजारी बसेल, आणि तिच्याबरोबर प्रार्थना करा.

प्रश्न: आगमनकाळात आमच्या चर्चमध्ये तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि एक गुलाबी असते, ती का?

उत्तर: ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. जांभळा रंग पश्चात्तापाचा आणि तयारीचा, गुलाबी आनंदाचा, आणि ती तिसऱ्या रविवारी पेटवतात. जुन्या प्रथेप्रमाणे त्या दिवसाची उपासना फिलिप्पैकरांस पत्रातल्या ४:४ ने सुरू होते, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. पौलाने हे बेड्यांत असताना लिहिलंय, आणि लगेच पुढे म्हणतो प्रभू जवळ आहे, कशाची चिंता करू नका, सगळं प्रार्थनेत देवाला कळवा. वाट अजून संपलेली नसते, पण आनंद करायला ख्रिसमसपर्यंत थांबायचं नाही म्हणून ती मेणबत्ती मध्येच येते. सगळ्या मंडळ्यांत ही पद्धत नाही, काही ठिकाणी चारही एकाच रंगाच्या असतात, त्यात चुकीचं काही नाही. घरी लावणार असाल तर त्या संध्याकाळी ४:४ ते ७ मोठ्याने वाचा, मुलांना वाचू दिलं तर अजून छान.