टांकसाळीची चूक की कुणीतरी ठोकलेलं नाणं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : सर, माझ्याकडे स्टीलचा एक रुपया आलाय. एका बाजूला नेहमीचे सिंह आणि दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण आत दबलेले आणि उलटे. मुलगा म्हणतो ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा तपासून डबाबंद करून घ्यायला पाठवा, लाखभर कुठे गेले नाहीत. पाठवू का? (चिपळूण)

उत्तर : लाखाचं सोडा, पण नाणं जपून ठेवा. खरं निघालं तर ही आपले डीलर लोक ज्याला ‘लाखी’ म्हणतात ती आहे. होतं काय, ठोकलेलं नाणं कधी कधी बाहेर न पडता दोन बाजूंच्या दोन डायपैकी (छाप उठवणारे ठसे) एकीलाच चिकटून बसतं, तेवढ्यात पुढची कोरी चकती येते, मग तिच्या एका अंगाला दुसऱ्या डायचा नीट छाप आणि दुसऱ्या अंगाला त्या चिकटलेल्या नाण्याचा उलटा छाप. चिकटलेलं नाणं मार खाऊन खाऊन पसरत जातं, त्यामुळे नंतरच्या नाण्यांवर तो छाप मोठा आणि पुसट होतो, म्हणून सुरुवातीची ठसठशीत लाखी जास्त भाव खाते.

आता खोटी कशी ओळखायची ते बघा, कारण व्हाइसमध्ये, म्हणजे वर्कशॉपातल्या आवळायच्या पकडीत, दोन नाणी दाबून असला माल बनवणारे भरपूर आहेत. भिंग घ्या आणि दबलेल्या सिंहांच्या आजूबाजूला नीट शोधा. तिथे १ आकड्याचा, कणसाचा किंवा सालाचा जरासाही अंश दिसला तर ते आधी धड नाणं होतं आणि मग दाबलं गेलं, विषय संपला. दोन्हीकडे सिंह असलेल्या खऱ्या पूर्ण लाखीवर साल दिसणारच नाही, कारण साल असलेली बाजू छापलीच गेलेली नसते. दुसरं म्हणजे उठावदार बाजूचे सिंह चेपल्यासारखे सपाट वाटतायत का? वाटत असतील तर व्हाइसच. आणि सोनाराच्या काट्यावर वजन करा, कणसंवाला स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅम, व्यास २५ मिमी.

एवढं सगळं पार पडलं आणि नाणं फारसं वापरलेलं नसेल तर ग्रेडिंगचा विचार करा. एनजीसी, पीसीजीएस या अमेरिकन कंपन्या ७० पैकी ग्रेड देतात, लेबलवर एररची, म्हणजे टांकसाळीच्या चुकीची नोंद हवी असेल तर त्याचे पैसे वेगळे, वर जाण्यायेण्याचा कुरिअर, विमा, नाणी पाठवून देणाऱ्या एजंटाचं कमिशन. त्यामुळे आधी एखाद्या नाणे प्रदर्शनात दोन-तीन टेबलांवर दाखवून भाव काढा, तोही न विकता, नुसता विचारून. खर्चच निम्मी किंमत खात असेल तर तसंच विकून टाका. झिजलेली लाखी तर मी कधीच पाठवणार नाही, ती ज्याला हवी तो ग्रेडिंगच्या डब्याशिवायही घेतो.

प्रश्न : दहा रुपयाच्या नाण्याची मधली चकती फिरलेली आहे, बाहेरच्या कड्याशी डिझाईन जुळतच नाही. हा मोठा एरर ना? (नांदेड)

उत्तर : नाही हो. कडं आणि चकती आधी वेगळी असतात हे खरं, पण दोन्ही एकत्र ठेवून एकाच डायनं एकाच दणक्यात छापतात आणि त्या दणक्यानंच ती एकमेकांत घट्ट बसतात. म्हणजे चकती कशीही ठेवली तरी डिझाईन सलगच येणार. जुळत नसेल तर कुणीतरी चकती काढून परत ठोकून बसवलीय. चकती एका बाजूला सरकलेली आहे, तिचा धातू कड्यावर चढलाय आणि तरी रेघा कड्यावरून चकतीवर न तुटता जातायत, असं दिसलं तर मात्र मला फोटो पाठवा.

प्रश्न : दोन रुपयाचं नाणं वरून खाली पलटलं... म्हणजे बाजूनं फिरवलं तर मागचा छाप तिरका दिसतो. ग्रेड करू? (सोलापूर)

उत्तर : आपल्या नाण्यांची दोन्ही डोकी वरच असतात, त्यामुळे उभं धरून उजवीकडून डावीकडे फिरवलं की मागची बाजूही सरळ दिसायला हवी. तिरकी दिसली म्हणजे डाय फिरली होती. थोडीफार फिरलेली चिल्लरीत ढिगानं सापडतात, अगदी उलटी, म्हणजे १८० अंश असली तर बरी. अल्बममध्ये ठेवा, ग्रेडिंगला नको.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत १८६२ चा राणीछाप रुपया आणि एक शिवराई आहे, शिवराईवरची अक्षरं अर्धी कापलेली आहेत, तो एररच ना? दोन्ही चिंचेनं घासून अमेरिकेला पाठवायचा विचार आहे. (पुणे)

उत्तर : तीन गोष्टी, आणि तिन्हीला उत्तर ‘नाही’. चिंच नको, पितांबरी नको, काहीच नको, घासलेल्या नाण्याला आकडा मिळत नाही, लेबलवर ‘क्लीन्ड’ असा शेरा येतो आणि भाव आपटतो. शिवराई हातानं ठोकायचे, डाय चकतीपेक्षा मोठी असायची, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ पूर्ण बसलेली शिवराईच दुर्मिळ, कापलेली अक्षरं म्हणजे एरर नव्हे. आणि पार्सलचं म्हणाल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं, ते तुम्ही असं देशाबाहेर पाठवू शकत नाही. हे एजंट लोक सांगत नाहीत, म्हणून मी सांगतोय. शिवराई नीट बघून घ्यायची तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय एकदा करा.

प्रश्न : वैष्णोदेवीच्या पाच रुपयाला एक जण दहा लाख देतोय, फक्त आधी रजिस्ट्रेशन फी मागतोय. (ठाणे)

उत्तर : ते नाणं एरर नाही, २०१२ सालचं स्मारक नाणं आहे, चिल्लरीत सर्रास फिरतं. असल्या फी मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच जाहीर इशारा दिलाय. नंबर ब्लॉक करा, आणि पैसे गेलेच असतील तर आजच्या आज १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.