आईचं तोंड सारखं कोरडं पडतं, काय करावं?

जालन्याच्या उन्हाळ्यात घशाला कोरड पडणारच, पण तुम्ही लिहिलंय की ६५ वर्षांच्या आईंना रात्रीही पाण्यासाठी उठावं लागतं आणि भाकरी गिळत नाही. मग दोष नुसत्या उन्हाचा नाही. आधी गोळ्यांची चिठ्ठी काढा. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्यांनी लाळ कमी होते. गोळी परस्पर बंद मात्र करू नका, डॉक्टरांना बदलून मागा. साखरही तपासून घ्या.

लाळ दातांवरचं आम्ल धुऊन काढते. ती आटली की हिरडीलगत, मुळाशी दात किडू लागतात, आणि दुखेपर्यंत कळतही नाही. म्हणून कोरड जावी यासाठी खडीसाखर किंवा लिमलेटची गोळी चघळणं सगळ्यात घातक. बायामाणसं हमखास तेच करतात. त्याऐवजी झायलिटॉलचं (दात न किडवणाऱ्या गोडव्याचं) बिनसाखरेचं च्युइंगम द्या, दर थोड्या वेळानं पाण्याचा घोट द्या. भाकरी वरणात नीट कुस्करून द्या, ठेचा काही दिवस बंद ठेवा. मिश्री, तंबाखू, सुपारी असेल तर ती सुटलीच पाहिजे.

फ्लोराइडच्या पेस्टनं दोनदा ब्रश, नंतर फक्त थुंकायचं, खळखळून चूळ नको. अल्कोहोलचं माउथवॉश टाळा. कवळी रात्री काढून ठेवा.

जिभेवर पांढरा थर, आग किंवा डोळेही कोरडे वाटत असतील तर थांबू नका. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे दाखवा.