डोळ्यांत तेल घाला, कानात नको

प्रश्न : आमच्याकडे तीन महिन्यांचं बीगलचं पिल्लू आलंय, लाडू. दोन आठवडे झाले, सारखा मान झटकतो आणि मागच्या पायाने कान खाजवतो. आत काळसर मळ दिसतो. सासूबाई म्हणतात, लसूण घालून कोमट केलेल्या तेलाचे दोन थेंब टाक. यजमान इअरबडने काढायला जातात, तर तो किंचाळतो. कान घरी साफ कसे करावेत? रोज करावेत का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि तेलाची वाटी स्वयंपाकघरात परत ठेवा. माझ्या आईनेही माझ्या कानात तेल घातलंय, तेव्हा त्यांना नावं ठेवत नाही. पण कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. पडदा त्या वळणापलीकडे. इअरबड मळ काढत नाही, वळणावर नेऊन ठासतो. लाडू किंचाळतो तो हट्टाने नव्हे, त्याला दुखतंय. तेल टाकलंत तर तेही तिथेच साचणार, वर बीगलच्या लोंबत्या कानाचं झाकण. आपल्याकडे भाद्रपदात डब्यातल्या पोळीला बुरशी धरते, तीच गत.

मळ काळसर आहे म्हणता, पण कसा? थोडासा फिकट तपकिरी मळ असणारच, त्याला हात लावू नका. चिकट, तेलकट आणि आंबूस वासाचा असेल तर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. पिवळा, पुवासारखा असेल तर जिवाणूंचा संसर्ग. आणि चहाच्या भुकटीसारखा कोरडा, काळा चुरा असेल तर कानातले माइट्स, म्हणजे बारीक परजीवी किडे. लाडूचं वय आणि खाज पाहता मला आधी त्यांचीच शंका येते. बाहेर आलेला चुरा काळ्या कागदावर झटका आणि भिंगातून पाहा. पांढरे ठिपके सरकताना दिसले तर समजा तेच. नाही दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका.

वाड्यात मांजर आहे का? हे माइट्स मांजर आणि कुत्रा दोघांतही फिरतात, म्हणून औषध घरातल्या सगळ्याच जनावरांना लागतं. माइट्सचं जीवनचक्र साधारण 3 आठवड्यांचं. खाज मात्र त्याआधीच कमी होते आणि लोक औषध सोडतात. महिन्याभरात पुन्हा माझ्या दारात! कपाटातली जुनी ट्यूब वापरू नका. पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. आधी डॉक्टरांनी ऑटोस्कोपने आत पाहायला हवं.

सफाई त्यानंतर, डॉक्टरांनी दिलेल्या इअर क्लीनरनेच. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नको, दोन्ही झोंबतात. बाटली पाच मिनिटं मुठीत धरून ठेवा, गार द्रव कानात गेला की पिल्लू दचकतं आणि पुढच्या वेळी बाटली पाहूनच पलंगाखाली शिरतं. मोरीत, जुन्या कपड्यांत बसा. कानाची पाळी वर उचला, नळी भरेल इतका क्लीनर ओता, बाटलीचं तोंड आत टेकवू नका. मग कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट चोळा. चपक चपक असा आवाज आला की क्लीनर आत पोचला म्हणायचा. आता सोडा त्याला. तो जोरात मान झटकेल, भिंत आणि तुम्ही दोघं रंगाल, पण आतला मळ त्यानेच वर येतो. बोटाला कापूस गुंडाळून जेवढं दिसतं तेवढंच पुसा आणि लगेच पनीरचा तुकडा द्या.

रोज? मुळीच नको. माझ्या स्वतःच्या राणीचे कान मी हौसेने रोज पुसायचे. महिन्याभरात आतली कातडी लाल झाली, आणि मी डॉक्टर! निरोगी कान आठवड्यातून एकदा पाहावा, हुंगावा. मळ दिसला तर किंवा आंघोळीनंतर साफ करावा. रोज करायचं असेल तर नुसता कान हातात घ्या, पाळी उलटून पाहा आणि सोडा, म्हणजे त्याला सवय होते.

दिवाळीच्या सुमारास मोकळ्या मैदानावर वाळलेल्या गवतात नेलंत तर आल्यावर कान चाचपा. कुसळ आत गेलं की मागे येत नाही, पुढेच सरकतं. एकाच कानाची एकाएकी झटापट सुरू झाली, मान एका बाजूला कलली किंवा पाळी कचोरीसारखी फुगली, तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि लाडूला सोमवारी नेणार असाल तर शनिवारपासून कान साफ करू नका. पाहुणे यायचे म्हणून घर आवरावं तसे लोक डॉक्टरांसाठी कान लख्ख पुसून आणतात. मग मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला स्लाइडवर ठेवू काय?