खुस्रोच्या चेहऱ्याशेजारी 'बिस्मिल्ला'

प्रश्न : प्रेषित मुहंमद ६३२ मध्ये वारले आणि ७११ मध्ये अरब फौजा स्पेन व सिंधपर्यंत पोहोचल्या. एवढा मुलूख त्यांनी सांभाळला कसा? नुसत्या तलवारीवर?

उत्तर : तलवार होतीच, नाही कशाला म्हणू? समोरची दोन्ही साम्राज्ये, बायझंटाइन (पूर्व रोमन) आणि सासानी (इराणी), ६०२ ते ६२८ आपसांत लढून पार थकली होती, हेही खरं. पण मला विचाराल तर खरं उत्तर नाण्यात आहे. मी नाण्यांचा वेडा, त्यामुळे हे येणारच!

त्या काळातला चांदीचा एक दिरहम मी भिंगाखाली पाहिला होता. एका बाजूला मुकुटधारी इराणी बादशहा खुस्रो, मागच्या बाजूला अग्निवेदी आणि तिचे दोन रक्षक. मला वाटलं, चुकीचं पाकीट उघडलं! मग कडेला बारीक कुफी, म्हणजे जुन्या वळणाची अरबी, अक्षरं दिसली : 'बिस्मिल्ला'. राज्य बदललं, पण टांकसाळ, कारागीर, साचा जुनाच. दप्तरांचंही तेच. दमास्कसला हिशेब ग्रीकमध्ये, इराकात फारसीत, आणि लिहिणारे कारकूनही पूर्वीचेच. अरब सैनिक बसरा, कूफा, फुस्तात अशा नव्या छावण्यांत वेगळे राहत. बहुसंख्य प्रजेने इस्लाम स्वीकारायला तर पुढे कैक पिढ्या लागल्या.

हे बदललं खलिफा अब्दुल मलिकने. ६९६-९७ च्या सुमारास त्याने नाण्यांवरून चित्रच हटवलं. सुमारे सव्वाचार ग्रॅमचा सोन्याचा दिनार, दोन्ही बाजूंना फक्त अरबी मजकूर. दप्तरंही त्याच्याच काळात अरबीत जाऊ लागली. कारकुनांचे काय हाल झाले असतील!