अनुदानित महाविद्यालये आणि सार्वजनिक विद्यापीठे यांची कामगिरी कशावरून ओळखावी?

आपण विचारले आहे की महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे आणि शासकीय व अनुदानित महाविद्यालये जनतेच्या पैशांवर चालत असताना त्यांची कामगिरी सामान्य नागरिकाने कशी जोखावी, आणि त्यासाठी नॅकची (उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची) श्रेणी व एनआयआरएफचा (केंद्र शासनाच्या शिक्षणसंस्था क्रमवारीतील) क्रमांक पुरेसा आहे का. मी तालुक्याच्या गावातील एका अनुदानित महाविद्यालयात 27 वर्षे शिकवले आणि त्यांतील 6 वर्षे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयक होतो. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की श्रेणी आणि क्रमांक यांवरून संस्थेजवळ काय आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. परंतु संस्थेने आपल्या विद्यार्थ्यांचे काय केले हे जाणून घ्यायचे असेल, तर विद्यार्थी ज्या वर्षी प्रवेश घेतो त्या वर्षापासून त्याचा माग काढावा लागतो.

नॅकची स्थापना 1994 मध्ये झाली. सात निकषांवर 4 पैकी गुण काढून अ++ पासून खाली श्रेणी देण्याची तिची पद्धत आपल्याला ठाऊक असेलच. या पद्धतीने ग्रामीण महाविद्यालयांचे भलेही केले आहे, हे मी आधी नमूद करतो. ग्रंथालयाच्या नोंदी अद्ययावत झाल्या, विद्यार्थ्यांचा अभिप्राय लेखी घेतला जाऊ लागला, विभागांच्या बैठकांची इतिवृत्ते लिहिली जाऊ लागली. यांतील बरेच काही आमच्याकडे पूर्वी तोंडी चालत असे. मात्र 2017 मध्ये पद्धत बदलून गुणांचा मोठा भाग संस्थेने संगणकावर भरलेल्या आकड्यांवर ठरू लागला, तेव्हापासून जे कागदावर दाखवता येते तेच काम मोलाचे ठरण्याचा धोका वाढला. समन्वयक असताना कार्यक्रमांची जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेली, छायाचित्रे, हजेरीपत्रके आणि प्रमाणपत्रे एकेका निकषाच्या फायलीत लावण्यात माझ्या कित्येक रात्री गेल्या, आणि त्याच सत्रात माझ्या विषयाच्या काही तासिका बुडाल्या, याचे मला आजही वाईट वाटते. फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षांना व सदस्यांना लाचखोरीच्या आरोपावरून अटक केली, तेव्हा प्रामाणिकपणे फायली तयार करणाऱ्या हजारो प्राध्यापकांच्या कष्टांवरही संशयाची सावली पडली.

एनआयआरएफची क्रमवारी 2016 पासून निघते. तिच्यात विद्यापीठांसाठी अध्यापनाची साधने व संशोधन यांना प्रत्येकी 30, पदवीपर्यंतच्या निष्पत्तीला 20, सर्वसमावेशकतेला 10 आणि लोकांच्या मनातील प्रतिमेला 10 टक्के भार दिला जात आला आहे. 2024 मध्ये राज्य सार्वजनिक विद्यापीठांची स्वतंत्र यादी प्रथमच निघाली आणि तिच्यात अण्णा व जादवपूर या विद्यापीठांच्या पाठोपाठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ तिसरे आले. ही आनंदाची गोष्ट होती. परंतु 2011 मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे काढलेले गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ याच मोजपट्टीवर ठेवून पाहा. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांतील मुलामुलींना घराजवळ उच्च शिक्षण मिळावे हाच त्या विद्यापीठाच्या स्थापनेचा हेतू. आणि सर्वसमावेशकतेचे काही गुण मात्र परराज्यांतून व परदेशांतून किती विद्यार्थी आले यावर मिळतात. ज्या कामासाठी संस्था काढली ते काम तिने उत्तम केले, तरी या रकान्यात तिचे गुण कमीच राहणार. म्हणून दोन सार्वजनिक विद्यापीठांची तुलना करण्यापूर्वी त्यांच्याकडे कोण शिकायला येते, हे पाहणे मला आवश्यक वाटते.

आता निकालाच्या टक्केवारीकडे येतो, कारण महाविद्यालयांच्या फलकांवर तीच असते आणि सर्वांत अधिक फसगतही तिच्यामुळे होते. समजा, प्रथम वर्ष कला शाखेत 120 विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, तीन वर्षांनी तृतीय वर्षाच्या परीक्षेला त्यांतील 50 बसले आणि 45 उत्तीर्ण झाले. फलकावर निकाल 90 टक्के लागतो. परंतु प्रवेश घेतलेल्या 120 पैकी वेळेत पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी 38 टक्केही नसतात. उरलेले 75 कोठे गेले, हा प्रश्न फलक विचारत नाही. आणि संस्थेच्या कामगिरीचा खरा हिशेब त्या 75 जणांत आहे.

एकदा मी आणि कार्यालयातील वरिष्ठ लिपिकांनी तीन वर्षांपूर्वीचे प्रवेश रजिस्टर काढून एकेका नावापुढे पेन्सिलीने खूण करीत हा हिशेब लावला होता. काही नावांपुढे टीसी नेल्याची नोंद होती, काही विद्यार्थी एटीकेटीत अडकून पुन्हा आलेच नव्हते, काहींनी दुसऱ्या वर्षाचा अर्जच भरला नव्हता. मुलींच्या नावांवर आम्ही अधिक वेळ थांबलो. एकाच बाजूच्या चार-पाच गावांतील मुली विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षात गळल्या होत्या. चौकशी केली तेव्हा कळले की प्रात्यक्षिके पावणेपाचला संपत आणि त्या बाजूची शेवटची एसटी साडेचारला सुटत असे. वर्षभर वडिलांनी किंवा भावाने मोटारसायकलवर ने-आण केली आणि पुढे ते जमले नाही. आम्ही प्रात्यक्षिकांच्या तुकड्या बदलून त्या मुलींना सकाळची वेळ दिली आणि आगार व्यवस्थापकांना पत्रही दिले. पुढच्या वर्षी त्या गावांतील मुली दुसऱ्या वर्षातही वर्गात दिसल्या. माझ्या नोकरीतील गुणवत्तेचे सर्वांत खरे काम कोणते, असे कोणी विचारले तर मी हेच सांगेन.

हा माग काढताना आता एक नवी अडचण येणार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. आपल्याकडील संलग्न महाविद्यालयांत हे 2024-25 पासून लागू झाले. ज्याला खरोखर थांबून पुन्हा यायचे आहे त्याच्यासाठी ही सोय चांगली आहे, परंतु परिस्थितीने शिक्षण सोडलेला विद्यार्थी आणि स्वेच्छेने बाहेर पडलेला विद्यार्थी हे एकाच रकान्यात जाऊ नयेत, याकडे विद्यापीठांनी आतापासून लक्ष दिले पाहिजे.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. मंजूर पदे किती आणि त्यांवर पूर्णवेळ नियमित शिक्षक किती, एवढे दोन आकडे कोणत्याही महाविद्यालयाविषयी पुष्कळ काही सांगून जातात. आपल्याकडे बरीच पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि त्या जागी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. झालेले तरुण शिकवतात. त्यांच्या नेमणुका अनेकदा सत्र सुरू झाल्यानंतर होतात, मानधन महिनोन्महिने थकते, आणि पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे त्यांना ठाऊक नसते. ते मन लावून शिकवतात, हे मी जवळून पाहिले आहे. पण तीन वर्षे एखाद्या विद्यार्थ्यावर लक्ष ठेवण्याची अपेक्षा त्यांच्याकडून कशी करावी? म्हणून रिक्त पदांमुळे घसरलेल्या निकालाचा दोष केवळ महाविद्यालयावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. पदभरतीला मान्यता शासन देते, त्यामुळे मूल्यमापनाच्या तक्त्यात शासनाचाही एक रकाना असावा.

विद्यापीठाकडे संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा आणि निकाल ही जबाबदारी असते, आणि तिच्यासाठी वेगळी मोजपट्टी शोधण्याची गरज नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत आणि फार तर 45 दिवसांत निकाल जाहीर व्हायला हवा. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिकांची संगणकाच्या पडद्यावर तपासणी घाईने सुरू झाली, कुलपतींनी घालून दिलेली 31 जुलैची मुदत हुकली आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्या काळात परदेशी प्रवेशासाठी आणि नोकरीसाठी गुणपत्रिकेची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे जे नुकसान झाले ते कोणत्याही क्रमवारीत मोजले गेले नाही. प्रत्येक परीक्षेची शेवटची तारीख आणि निकालाची तारीख शेजारी शेजारी छापली, तरी विद्यापीठाच्या कारभाराचे पुरेसे चित्र समोर येईल.

संशोधनाविषयी थोडेच सांगतो. शोधनिबंधांची संख्या मोजू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2018 मध्ये आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके वगळली, यावरून त्या संख्येत काय काय मोजले जात होते याची कल्पना यावी.

आपल्याला हे स्वतः तपासायचे असेल, तर संस्थेच्या संकेतस्थळावर एनआयआरएफला सादर केलेल्या माहितीची पीडीएफ शोधा. क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांनी ती सर्वांसाठी खुली ठेवायची असते. तिच्यात पदवी अभ्यासक्रमाचा एक तक्ता असतो. अमुक वर्षी प्रथम वर्षाला किती विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला आणि त्यांतील किती ठरलेल्या किमान मुदतीत पदवीधर झाले, किती नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले, हे एकाच ओळीत दिलेले असते. क्रमांक बाजूला ठेवून ती ओळ वाचा. करोनाकाळातील ऑनलाइन परीक्षांच्या वर्षांशी इतर वर्षांची तुलना करू नका, आणि एकाच संस्थेची सलग तीन-चार वर्षे पाहा. शिक्षकांच्या यादीत प्रत्येकाची रुजू होण्याची तारीख आणि नेमणुकीचा प्रकार दिलेला असतो, तोही पाहा. जी महाविद्यालये क्रमवारीत भाग घेत नाहीत, त्यांच्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून प्रथम वर्षाचे प्रवेश, त्याच तुकडीतील वेळेत पदवी मिळवलेले विद्यार्थी, मंजूर पदे व भरलेली पदे एवढीच माहिती मागा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. अर्जात मुलींचे आकडे वेगळे मागायला विसरू नका.