बायकांसाठी गोल्फ बॉल वेगळा घ्यावा लागतो का?

मिसेस नवीनच गोल्फ शिकून राहिल्या तर लेडीज बॉलच घ्यायचा का असं विचारलंय तुम्ही, तर नियमात तसं काही नाही, सगळ्यांसाठी एकच, वजन 45.93 ग्रॅमच्या वर नको अन् व्यास 42.67 मिलिमीटरहून कमी नको. लेडीज म्हणजे बहुतेक कमी कॉम्प्रेशन, म्हणजे फटक्यात सहज दबणारा बॉल, अन् गुलाबी रंग, बस. स्विंग, म्हणजे काठी फिरवणं, हळू असेल तर कॅलवे कंपनीच्या सुपरसॉफ्टसारखा मऊ टू-पीस (आत एक गाभा, वर एक कवच) बॉल बघा, हाताला झटका कमी बसतो. स्विंग जोरदार असेल तर नेहमीचाच घ्या ना. महागडे युरेथेनवाले (त्या मऊ प्लास्टिकच्या कवचाचे) बॉल आत्ताच नको, माझे पहिले सहा पाण्यातच गेले! अन् नागपूरच्या मे महिन्यात पिवळा बॉल वाळक्या गवतात दिसतच नाही, गुलाबी चटकन सापडतो, तेवढ्यापुरता लेडीज बॉल मीही वापरतो.