मुलगी निबंध छान लिहिते, पण गणित टाळते. तिची बुद्धीच वेगळ्या प्रकारची आहे असे समजावे का?

नाही, सहावीतल्या मुलीला निबंध आवडतो आणि गणित नकोसे वाटते, एवढ्यावरून तिची बुद्धी गणितासाठी नाही असे मुळीच ठरत नाही. प्रत्येकाची शिकण्याची शैली (पाहून, ऐकून की करून शिकणे) ओळखून त्यानुसार शिकवल्यास अधिक चांगले शिकता येते, या समजुतीला पुरेसा आधार नसल्याचे मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर व त्यांच्या सहकाऱ्यांना 2008 साली संशोधनाच्या आढाव्यात आढळले. तसेच अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली 1,011 जणांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा ‘डाव्या मेंदूची’ (म्हणे तर्कात पुढे) व ‘उजव्या मेंदूची’ (म्हणे कल्पकतेत पुढे) माणसे असा भेदही दिसला नाही. आवड मात्र खरी असते, आणि ती बहुधा सरावाने व मिळालेल्या यशाने वाढते. म्हणून आधी तिची वही पाहावी. ‘सीमाकडे 12 गोट्या आहेत, त्या रवीकडील गोट्यांपेक्षा 5 ने कमी आहेत, तर रवीकडे किती?’ या उदाहरणात ‘कमी’ हा शब्द दिसताच अनेक मुले वजाबाकी करून 7 लिहितात. उत्तर 17 आहे, आणि येथे चुकते ते वाक्याचे वाचन, आकडेमोड नव्हे. निबंध लिहिणाऱ्या मुलीला असे उदाहरण आधी स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे; तिचे हेच बळ येथे उपयोगी पडते. मात्र लहान संख्यांची तुलना किंवा साधी बेरीजही तिला सातत्याने जड जात असेल, तर ती गणन-अक्षमता (डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे संख्या समजून घेण्यातील कायमची अडचण) असू शकते, आणि त्यासाठी तज्ज्ञांकडून रीतसर तपासणी करून घ्यावी.